चुकीची व्हॅल्यू कुणी अडवायची?

पीएचपी या भाषेत लिहिलेल्या जुन्या वेबसाइटवर पासवर्ड माहीत नसतानाही लॉगिन करण्याची एक युक्ती हॅकर मंडळींना चांगली ठाऊक होती. ब्राउझर सर्व्हरकडे फॉर्म पाठवतो तेव्हा प्रत्येक रकान्याचे नाव आणि त्यात भरलेला मजकूर अशी जोडी जाते. पासवर्डच्या रकान्याच्या नावापुढे दोन चौकोनी कंस जोडायचे, एवढेच करायचे. त्या कंसांमुळे पीएचपी समजते की हा साधा मजकूर नाही, यादी म्हणजे अ‍ॅरे आला आहे. वेबसाइटचा कोड मात्र निर्धास्तपणे आलेला पासवर्ड आणि खरा पासवर्ड 'स्ट्रकम्प' नावाच्या फंक्शनला देऊन मोकळा व्हायचा. दोन मजकूर सारखे असले तर हे फंक्शन शून्य परत करते, वेगळे असले तर शून्याहून कमी किंवा जास्त. उत्तर शून्य आले की माणूस आत. पण मजकुराऐवजी अ‍ॅरे हातात पडला की स्ट्रकम्प एक वॉर्निंग नोंदवायचे आणि 'नल', म्हणजे 'काहीच नाही', असे उत्तर द्यायचे. दोन बरोबरच्या चिन्हांनी केलेल्या पीएचपीच्या ढिल्या तुलनेत नल आणि शून्य सारखेच धरले जातात. झाले, लॉगिन मिळाले!

यात चूक कुणाची? प्रोग्रामरने तीन बरोबरची चिन्हे लावून काटेकोर तुलना करायला हवी होती, हे कबूल. तरी मला मोठा गुन्हेगार स्ट्रकम्पच वाटतो. दोन मजकूर ताडून पाहणे हे त्याचे काम. मजकूर नसलेली वस्तू आल्यावर त्याने कामच नाकारायला हवे होते. त्याने उत्तर दिले, आणि तेही असे की पुढच्या ओळीला ते खरे उत्तर वाटावे.

फंक्शन म्हणजे काय, हे प्रोग्रामिंगशी संबंध नसलेल्यांना गिरणीवरून समजेल. वरून धान्य टाकायचे, खालून पीठ घ्यायचे, आतली जाती कशी फिरतात याची चौकशी करायची नाही. जे धान्य टाकतो ते आर्ग्युमेंट. कसलेला गिरणीवाला डबा ओतण्याआधी त्यात हात घालतो. धान्य दमट आहे का, खडा आहे का, हे आधीच बघतो, कारण खडा आत गेल्यावर तुमचे पीठ तर जातेच, शिवाय मागच्या गिऱ्हाइकाचेही जाते. आर्ग्युमेंट व्हॅलिडेशन ते हेच. आणि लायब्ररी म्हणजे अशा फंक्शनांचा तयार संच. लिहिणारा एका देशात, वापरणारा दुसऱ्या देशात, दोघांची ओळखदेख नाही. वापरणाऱ्याने काही चुकीचे दिले तर लिहिणाऱ्याला त्याच्याशी बोलण्याची एकच संधी मिळते, ती म्हणजे एरर मेसेज.

चुकीची व्हॅल्यू आली की फंक्शनपुढे तीन वाटा असतात. नकार द्यायचा, गुपचूप दुरुस्ती करायची, किंवा न बघता पुढे ढकलायची. मधली वाट सगळ्यांत गोड दिसते. जावास्क्रिप्टला २०२६च्या फेब्रुवारीची ३० तारीख बनवायला सांगा. ती तक्रार करत नाही, दोन दिवस पुढे सरकवून २ मार्च देते. पायथॉनला हेच सांगितले तर तो तिथल्या तिथे एरर देतो की या महिन्यात असा दिवस नाही. जावास्क्रिप्टच्या बाजूनेही बोलता येते, कारण 'आजपासून ४५ दिवस' यासारखे हिशेब या सवलतीमुळे सोपे होतात. पण कर्जाच्या हप्त्याची तारीख कुणी चुकून ३० फेब्रुवारी टाइप केली असेल तर? चूक झाली फॉर्म भरताना आणि उघडकीला आली महिन्यांनी, खातेदाराच्या तक्रारीतून. मधल्या काळात ती तारीख डेटाबेसमध्ये गेली, तिथून रिपोर्टमध्ये, तिथून आणखी कुठे. बग शोधण्याचा खर्च चूक घडली ती जागा आणि चूक बोलली ती जागा यांच्यातल्या अंतरावर ठरतो. व्हॅलिडेशनचे सगळे काम हे अंतर कमी करण्याचे आहे.

आता पीएचपीकडे परत येऊ, कारण ढिलाई आणि विसंगती यांतला फरक तिच्या इतिहासात फार स्वच्छ दिसतो. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५मध्ये ती जगापुढे आणली तेव्हा ते वैयक्तिक वेबपेजसाठीचे छोटे अवजार होते. पान कसेही करून दिसले पाहिजे, एका चुकीपायी अख्खी साइट कोरी पडू नये, हा विचार त्या काळी शहाणपणाचाच होता. त्यामुळे पीएचपीची अंगभूत फंक्शने चुकीचे आर्ग्युमेंट आले की वॉर्निंग देऊन नल परत करत आणि पुढे चालू लागत. काही फंक्शने नलऐवजी 'फॉल्स' देत. म्हणजे चूक झाली हे ओळखायचे कसे, तेही फंक्शनागणिक वेगळे.

२०१५च्या डिसेंबरात पीएचपी ७ आली. प्रोग्रामरला स्वतः लिहिलेल्या फंक्शनवर 'इथे पूर्णांकच हवा', 'इथे मजकूरच हवा' अशी अट घालता येऊ लागली आणि अट मोडली की टाइपएरर येऊन काम तिथेच थांबू लागले. हे उत्तमच झाले, पण भाषेसोबत येणारी हजारो अंगभूत फंक्शने जुन्याच वळणावर राहिली. मजकुराची लांबी सांगणाऱ्या 'स्ट्रलेन'ला अ‍ॅरे दिला की वॉर्निंग आणि नल. तोच अ‍ॅरे तुम्ही लिहिलेल्या, मजकूर मागणाऱ्या फंक्शनला दिला की टाइपएरर. शिवाय फाइलच्या डोक्यावर काटेकोर टाइप तपासणीची एक ओळ टाकली असेल तर स्ट्रलेनसुद्धा टाइपएरर देणार. म्हणजे एकच फंक्शन, एकच चूक, आणि फाइलीप्रमाणे दोन वागणुकी. यापेक्षा पूर्वीची सरसकट ढिलाई परवडली, निदान ती सवयीची तरी होती.

हे निस्तरण्यासाठी निकिता पोपोव्ह यांनी एक प्रस्ताव मांडला. अंगभूत फंक्शनांनीही टाइप चुकल्यावर सरळ टाइपएरर द्यावा, एवढाच त्याचा आशय. तो मंजूर होऊन २६ नोव्हेंबर २०२० रोजी आलेल्या पीएचपी ८मध्ये लागू झाला. सुरुवातीला सांगितलेली चौकोनी कंसांची युक्ती त्या दिवसापासून नव्या पीएचपीवर चालेनाशी झाली. स्ट्रकम्प आता अ‍ॅरे पाहताच थांबते. टाइप बरोबर पण व्हॅल्यू निरर्थक, अशा चुकांसाठी व्हॅल्यूएरर नावाचा वेगळा प्रकारही त्याच आवृत्तीत आला.

एक कोपरा तरीही राहिला. तुमचे फंक्शन मजकूर मागत असेल आणि नल आला, तर टाइपएरर. अंगभूत स्ट्रलेनला नल दिला तर ते निमूटपणे शून्य लांबी सांगायचे. २०२१च्या पीएचपी ८.१ने एवढेच केले की असा नल दिल्यास 'ही सवलत पुढे बंद होणार आहे' अशी सूचना द्यायला सुरुवात केली. जुनी वेबसाइट नव्या आवृत्तीवर नेणाऱ्यांच्या लॉग फाइली या सूचनांनी भरून वाहू लागल्या. लोक वैतागले, आणि त्यांचे वैतागणे समजण्यासारखे आहे. त्यांचा कोड वर्षानुवर्षे 'चालत' होता. पण या प्रसंगातून लायब्ररी लिहिणाऱ्याने एक गोष्ट गाठीला बांधावी. कडक नियम पुढे सैल करता येतो, त्यावर कुणी तक्रार करत नाही. सैल नियम कडक करायला गेलात की जगभरचा चालू कोड मोडतो. म्हणून पहिल्या आवृत्तीत कंजूष राहावे. जे स्वीकारायची खात्री नाही ते नाकारावे.

विसंगत तपासणीची किंमत किती असू शकते याचा सगळ्यांत महाग पुरावा फ्रेंच गयानातल्या कुरू इथला आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे रॉकेट पहिल्यांदा उडाले आणि ४० सेकंदांच्या आत भरकटून फुटले. सोबत 'क्लस्टर' मोहिमेचे चार उपग्रह गेले. रॉकेटची दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियन ४वरून जसेच्या तसे घेतले होते. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जाई. १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ३२,७६७च्या पुढची संख्या मावत नाही. एरियन ५चा आडवा वेग एरियन ४च्या पाचपट झपाट्याने वाढत होता, तेव्हा संख्या मावली नाही, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेत तेच सॉफ्टवेअर होते, त्यामुळे तीही क्षणभर आधी त्याच कारणाने बंद पडली होती.

ही कथा अनेकांनी ऐकलेली असते. चौकशी अहवालातला एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. असा धोका असलेल्या एकूण सात संख्या होत्या आणि हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना माहीत होते. सातांपैकी चार संख्यांना त्यांनी तपासणी लावली, तीन तशाच सोडल्या. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, म्हणून ज्या संख्या मर्यादेबाहेर जाणारच नाहीत असे वाटले त्यांची तपासणी वाचवली. एरियन ४पुरते ते गणित बरोबरही होते. पण हा निर्णय का घेतला याची नोंद कोडमध्ये कुठेही नव्हती. पुढच्या माणसाला शेजारशेजारच्या सात ओळींपैकी चारांवर पहारा दिसतो, तीन ओळी उघड्या दिसतात, आणि कारण दिसत नाही. त्याने काय समजायचे?

दुसरी गंमत, जर तिला गंमत म्हणता येत असेल तर, त्यानंतर घडली. बंद पडताना यंत्रणेने आपल्या बिघाडाचा तपशील बाहेर पाठवला. मुख्य संगणकाने तो उड्डाणाचा डेटा समजून वाचला आणि त्यानुसार इंजिनांची तोंडे पूर्ण वळवली. आलेली वस्तू डेटा आहे की बिघाडाचा निरोप, हे तपासणारे तिथेही कुणी नव्हते. स्ट्रकम्पचे नल आणि एरियनचा हा निरोप एकाच जातीचे. बिघाडाचे उत्तर खऱ्या उत्तराच्या वेषात पुढे गेले.

मग सुसंगत तपासणी करायची कशी? याचे मला आवडणारे उदाहरण सायकिट-लर्नचे आहे. मशीन लर्निंगची ही पायथॉन लायब्ररी २००७मध्ये गूगलच्या 'समर ऑफ कोड' उपक्रमातला विद्यार्थी प्रकल्प म्हणून सुरू झाली. आज पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजपासून जगभरच्या प्रयोगशाळांपर्यंत ती वापरात आहे. शेकडो हातांनी लिहिलेल्या कोणत्याही प्रकल्पात होते तेच इथे झाले. प्रत्येक अल्गोरिदमच्या लेखकाने आपापल्या परीने तपासणी लिहिली. कुणी ऋण संख्येला व्हॅल्यूएरर दिला, कुणी टाइपएरर, कुणी तपासलेच नाही आणि चूक खोल कुठल्यातरी गणिताच्या फंक्शनमध्ये अगम्य भाषेत फुटली.

२०२२च्या डिसेंबरात आलेल्या १.२ आवृत्तीत त्यांनी मांडणीच बदलली. प्रत्येक अल्गोरिदमच्या क्लासमध्ये आता नियमांचा एक तक्ता असतो. डेटाचे गट पाडणारा 'के-मीन्स' घ्या. तक्त्यात लिहिलेले असते की गटांची संख्या पूर्णांक हवी, किमान १. सुरुवातीची केंद्रे निवडायची पद्धत दोन ठरलेल्या नावांपैकी एक, किंवा फंक्शन, किंवा अ‍ॅरे. नियम सांगायचे काम क्लासचे, तपासायचे काम सगळ्यांसाठी मिळून एकाच ठिकाणी लिहिलेल्या कोडचे. त्यामुळे गटांची संख्या ० दिली काय किंवा दुसऱ्या अल्गोरिदमला त्याच्या 'झाडांची', म्हणजे डिसिजन ट्रींची, संख्या उणे ५ दिली काय, निरोप एकाच साच्यात येतो: अमुक क्लासच्या अमुक पॅरामीटरला किमान १ असा पूर्णांक हवा, तुम्ही उणे ५ दिले. कुठे चुकले, काय हवे होते, काय आले. चांगल्या एरर मेसेजला चौथी गोष्ट लागत नाही. 'इनव्हॅलिड इनपुट' एवढेच सांगणारा मेसेज लिहिणाऱ्याला मी स्वतःचाच कोड रात्री दोन वाजता डीबग करण्याची शिक्षा देईन.

या तक्त्याच्या आसपासच्या बारीक गोष्टी त्याहून रंजक आहेत. तपासणी ऑब्जेक्ट बनवताना होत नाही, 'फिट' म्हणजे डेटावर शिकायला सुरुवात करताना होते. कारण या लायब्ररीत पॅरामीटर नंतरही बदलता येतात, उत्तम पॅरामीटर शोधणारी साधने तर ते सतत बदलत असतात. जन्माच्या वेळी केलेली तपासणी बदलानंतर शिळी झाली असती. नवा एरर कोणत्या प्रकारचा असावा, हाही पेच होता. जुना कोड कुठे व्हॅल्यूएरर पकडत होता, कुठे टाइपएरर. त्यांनी नव्या एररला दोघांचाही वारस केले! शुद्धतावादी नाक मुरडतील, पण कुणाचाही चालू कोड न मोडता एकसूत्रता आणण्याची ही युक्ती मला बेहद्द आवडते.

आणि तक्ता लिहायला कुणी विसरले तर? त्यासाठी एक सामाईक टेस्ट आहे. ती प्रत्येक अल्गोरिदमच्या पॅरामीटरांची यादी तक्त्याशी ताडून पाहते, मग प्रत्येक पॅरामीटरला मुद्दाम बनवलेली एक निरुपयोगी वस्तू देते आणि ठरलेल्या साच्यातला एरर येतो की नाही ते बघते. नवा सदस्य नवा अल्गोरिदम घेऊन आला आणि तक्ता अपुरा राहिला, तर टेस्ट नापास. सगळ्यांनी नीट वागा असे नियमावलीत लिहून एकसूत्रता येत नाही. एरियनच्या तीन उघड्या संख्या अशा टेस्टने कागदावरच पकडल्या असत्या, किंवा निदान त्या का सोडल्या हे लिहून द्यायला लावले असते.

तपासणीला वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. पण उपाय तपासणी वगळण्यात नाही, ती कुठे करायची हे ठरवण्यात आहे. बाहेरच्यांनी हाक मारायची फंक्शने कसून तपासावीत. आतल्या आत एकमेकांना हाका मारणाऱ्या फंक्शनांनी तीच व्हॅल्यू पुन्हा पुन्हा चाचपू नये. सायकिट-लर्नमध्ये एका अल्गोरिदमने आतून दुसऱ्याला बोलावले तर आतली तपासणी टाळण्याची सोय आहे, आणि ज्याला घाईच आहे त्याला ती जाहीरपणे बंदही करता येते. आयफेल भाषेचे कर्ते बर्ट्रांड मेयर तर १९८०च्या दशकापासून सांगत आले आहेत की फंक्शनच्या पूर्वअटी लिहून ठेवाव्यात आणि त्या पाळायची जबाबदारी हाक मारणाऱ्याची. दोन्ही बाजूंनी संशयाने तपासत बसले की कोड फुगतो आणि जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

या सगळ्याच्या विरोधात एक प्रसिद्ध तत्त्व उभे केले जाते. १९८०मध्ये इंटरनेटच्या टीसीपी या नियमावलीचा मसुदा करताना जॉन पोस्टेल यांनी सुचवले होते की पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार. इंटरनेट तेव्हा बाल्यावस्थेत होते आणि या उदारपणाने ते जोडले गेले, हे मान्य. पण ब्राउझरांनी अर्धवट एचटीएमएल उदारपणे स्वीकारले, प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने ते दुरुस्त केले, आणि एकच पान चार ब्राउझरांत चार तऱ्हांनी दिसू लागले. शेवटी एचटीएमएल ५च्या नियमावलीत चुकीचे एचटीएमएल कसे वाचायचे याचेच सविस्तर नियम लिहावे लागले. औदार्यालाही एकसारखेपणा लागतो, तो असा. २०२३मध्ये इंटरनेटच्या मानकांशी संबंधित मंडळींनी आरएफसी ९४१३ हा दस्तऐवज काढून पोस्टेल यांच्या तत्त्वाचे तोटे रीतसर नोंदवले.

मराठीत सॉफ्टवेअर करणाऱ्यांना तर हा प्रश्न रोजचा आहे, फक्त तो या नावाने ओळखला जात नाही. पायथॉनला '१२३' असे देवनागरी आकडे देऊन पूर्णांक करायला सांगा, तो बिनतक्रार करतो. जावास्क्रिप्ट 'ही संख्याच नाही' म्हणते. पीएचपीत सक्तीने पूर्णांक केलात तर शून्य मिळते, एररही नाही. पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'कोणताही अंक' या खुणेत देवनागरी अंक बसतात, जावास्क्रिप्टमध्ये त्याच खुणेत बसत नाहीत. तेव्हा मराठी कीबोर्डवरून भरलेला मोबाइल नंबर ब्राउझर नाकारतो, पण तोच नंबर अ‍ॅपमधून थेट सर्व्हरवर आला तर स्वीकारला जातो. पुढे एकाच माणसाची दोन खाती तयार होतात, एक देवनागरी नंबराचे, एक इंग्रजी.

लांबीचेही तेच. 'मराठी' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा. पायथॉन आणि जावास्क्रिप्ट त्याची लांबी ५ सांगतात, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. पीएचपीचे स्ट्रलेन १५ सांगते, कारण ते बाइट मोजते आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे. नावाला ३० अक्षरांची मर्यादा घातलेल्या फॉर्ममध्ये ही ३० नेमकी कशाची, हे ठरवले नसेल तर इंग्रजीत मावणारे नाव मराठीत मावत नाही, आणि वापरणाऱ्याला कारणही कळत नाही.

तेव्हा मराठी इनपुट घेणारी लायब्ररी, फॉर्म किंवा सेवा तुमच्या हातात असेल तर दोन निर्णय आजच लेखी करा. देवनागरी आकडे घ्यायचे असतील तर आत येताक्षणी एकाच फंक्शनमध्ये त्यांचे एका रूपात रूपांतर करा, घ्यायचे नसतील तर तसे मराठीत स्पष्ट सांगून नाकारा. लांबी अक्षरांत, चिन्हांत की बाइटांत, हे ठरवून ब्राउझर, सर्व्हर आणि डेटाबेस या तिन्ही ठिकाणी तेच माप लावा. आणि '१२३' व 'मराठी' ही दोन्ही उदाहरणे टेस्टमध्ये घालून ठेवा.